अर्ध्या मिलिमीटरचे मिस्त्री

आमच्या मिस्त्रींसमोर 'साधारण' हा शब्द काढायची सोय नव्हती. "मिस्त्री, साधारण किती वाजता याल?" असं विचारलं की ते कानावरची पेन्सिल काढून हातात घेत आणि विचारत, "साधारण म्हणजे सव्वापाच की पाच वीस?" मी पाच वीस म्हटलं की पाच वीसला दारावर टकटक होई. पाच एकोणीसला ते बाहेर घड्याळाकडे बघत उभे असतात, हे मी एकदा दाराच्या भिंगातून पाहिलं आहे.

सौदीतल्या दम्मामच्या एका खाजगी इस्पितळात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते आणि ते तिथली यंत्रं दुरुस्त करायचे. त्यांना नाव होतं, पण ते फक्त इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासाच्या ओळखपत्रावर. सर्जनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मिस्त्री म्हणत. दापोलीकडच्या खाडीकाठचे. पन्नाशीचे, उंच, खांद्यातून जरा वाकलेले, मेंदी लावलेली दाढी, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर. केसाएवढा फरकसुद्धा मोजता येतो ते माप. लोक खिशात फोटो ठेवतात, तसं ते व्हर्नियर ठेवायचे.

एकदा आमच्याकडे जेवायला बसले असताना त्यांनी माझी चपाती त्या व्हर्नियरमध्ये धरली.

"बाय, इकडे दोन मिलिमीटर हाय, तिकडे अडीच."

"खायची आहे, मिस्त्री. कुठे बसवायची नाही."

त्यांनी मान हलवली आणि खाल्ली. एकूण पाच खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी माझं लाटणं घेऊन गेले आणि घासून सरळ करून आणून दिलं. लाटणं खरोखरच वाकडं होतं. त्याचाच जास्त राग आला.

इस्पितळाच्या स्टाफ बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर मी आणि नवरा, तळमजल्यावर एका खोलीत मिस्त्री एकटे. बायको-मुलगी गावी. खोलीत एक पलंग, एक टेबल, आणि टेबलाला कायमचा जखडलेला व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरून ठेवायचा लोखंडी शिकंजा. जेवणाचं ताट व्हाइसच्या शेजारी. व्हाइसच्या जबड्यात काही काम धरलेलं असलं तर मात्र जेवण नाही आणि चहाही नाही. का, असं मी एकदा विचारलं. "त्याच्या तोंडात घास असताना आपण कसा खायचा?" म्हणाले.

घाई हा त्यांचा दुसरा शत्रू. थिएटरमधला मोठा दिवा एकदा ऐन ऑपरेशनच्या आधी बंद पडला. मिस्त्री शिडीवर चढले आणि निवांतपणे एकेक स्क्रू काढून रुमालावर ओळीने मांडू लागले. सर्जन खालून ओरडले, "मिस्त्री, यल्ला, यल्ला!"

मिस्त्रींनी खाली बघितलं. "डॉक्टरसाहेब, तुम्ही पोटाला टाके घालता तेव्हा मी यल्ला बोलतो काय?"

दिवा लागला, आणि मी ती नोकरी सोडेपर्यंत पुन्हा बंद पडला नाही, हेही सांगायला हवं. ज्या माणसाचं काम इतकं चोख असतं, त्याच्यावर चिडण्यातसुद्धा मजा उरत नाही.

कुवेतवरून लढाई होणार हे दिसायला लागलं, तेव्हा सगळ्यांना खिडक्यांच्या काचांना चिकटपट्टी लावायला सांगण्यात आलं, काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून. आख्ख्या बिल्डिंगने एका संध्याकाळी ते काम उरकलं. मिस्त्रींनी पहिल्या खिडकीलाच तीन दिवस घेतले. आधी दोरी धरून कर्ण काढले, मध्यावर पेन्सिलीने खूण केली, मग पट्टी. तिसऱ्या दिवशी लढाई सुरू झाली. दुसरी खिडकी उघडी बोडकीच राहिली. "एक तरी बरोबर लागली," असं त्यांचं मत.

पहिल्यांदा क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही सगळे विषारी वायूसाठी दिलेले मास्क घेऊन जिन्याखाली धावलो. मिस्त्री अंगणात मान तिरकी करून उभे होते. मला वाटलं, घाबरून थिजले. मी दंड धरून ओढलं तर म्हणाले, "ऐक गो बाय. बेअरिंग सुकलंय ह्याचं. तेल कोण देत नाय वाटतं."

अशा दिवसांत मिस्त्रींच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं.

मुलगा बोटीवर कामाला. त्याची रजा रमझानच्या आधी संपत होती, आणि एकदा बोटीवर चढला की दहा महिने जमीन नाही. म्हणजे लग्न तेव्हाच, नाहीतर पुढच्या वर्षावर. मिस्त्रींनी सहा वर्षांत मुलीला दोनदा पाहिलं होतं. या वेळी जायचंच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पण जायचं म्हणजे कफीलची सही हवी. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपण त्या देशात राहतो तो माणूस. पासपोर्ट त्याच्या कपाटात, आणि त्याने कागदावर सही केल्याशिवाय विमानतळाचं दारही उघडत नाही. आमच्या सगळ्यांचे कफील म्हणजे इस्पितळाचे मालक, एक म्हातारे शेख. लढाई लागल्यावर आमच्यातले चार जण रजेवर गेले आणि परत आलेच नाहीत. तेव्हापासून शेखनी सह्या बंद केल्या होत्या.

शेख माणूस वाईट नव्हते. तरुणपणी मुंबईशी व्यापार केलेला, त्यामुळे मोडकं हिंदी बोलत. एके काळी नेमबाजीत कप मिळवले होते. अजूनही दर गुरुवारी मळ्यावर जाऊन कागदी निशाण्यावर गोळ्या मारत. लढाई सुरू झाली म्हणून त्यांनी गुरुवार चुकवला नाही. बोटांना संधिवात होता. मी आठवड्यातून दोनदा त्यांना इंजेक्शन द्यायला घरी जायचे, म्हणून पुढची बोलणी माझ्यासमोर झाली.

मिस्त्री अर्ज घेऊन उभे होते. शेख म्हणाले, "तुम जायेगा, वापस नहीं आयेगा."

"आऊंगा, शेख."

"सब बोलता आऊंगा." मग त्यांनी कोपऱ्यातली रायफल उचलून मांडीवर घेतली. "ये ठीक करो. खलास, फिर सही."

त्या रायफलीला बाजूने एक दांडा असतो. प्रत्येक गोळीनंतर तो वर करून मागे ओढायचा, पुन्हा पुढे सारून खाली पाडायचा. थेट दाराच्या कडीसारखं. धरायला दांड्याच्या टोकाला सुपारीएवढा गोळा, स्क्रूसारखा फिरवून बसवलेला. शेखच्या सुजलेल्या बोटांना ती सुपारी धरवत नव्हती. शिवाय आतले आटे झिजल्यामुळे ती हातातच गरगर फिरायची. त्यांना हाताला पेलेल अशी मोठी मूठ हवी होती.

दुसऱ्या कुणी हे काम दोन संध्याकाळींत केलं असतं. जेद्दाची बस अकरा दिवसांनी होती. दम्मामजवळचा विमानतळ लष्कराकडे गेल्यामुळे आधी बसने जेद्दा आणि तिथून विमान, असा मार्ग होता. मी मिस्त्रींना जिन्यातच सांगितलं, "अकरा दिवस आहेत. दोन दिवसांत उरका आणि सही घेऊन मोकळे व्हा."

"बघू," म्हणाले. मी वर जाऊन कॅलेंडरवर बसच्या तारखेभोवती गोल काढला.

शेखच्या ड्रायव्हरने रायफल गालिच्यात गुंडाळून आणून दिली, सोबत परवान्याचा कागद. पण मिस्त्रींच्या खोलीत बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस बिघडलेली इस्त्री घेऊन घुसायचा. लढाईच्या दिवसांत परदेशी कामगाराच्या खोलीत बंदूक कुणी पाहिली असती, तर कागद दाखवेपर्यंत दहा जणांनी दहा गोष्टी केल्या असत्या. म्हणून रायफलीतला तो दांडा काढून मिस्त्रींनी स्वतःकडे ठेवला आणि बाकीची रायफल माझ्या पलंगाखाली सरकवली. नवऱ्याला मी सांगितलं नाही. तो फार प्रश्न विचारतो.

पहिले दोन दिवस मिस्त्रींनी नुसती मापं घेतली. तिसऱ्या दिवशी वर आले. "बाय, कणीक मळलीस काय?"

"किती चपात्या हव्यात?"

"चपाती नको. घट्ट गोळा दे एक. शेखनी तो मुठीत दाबायचा. बोटं जिथं बसतील, तशी मूठ घडवायची."

कल्पना चांगली होती, मी नाकारत नाही. मी लिंबाएवढा गोळा दिला. मिस्त्रींनी तो स्टीलच्या डब्यात घालून शेखच्या ड्रायव्हरबरोबर पाठवला आणि त्याला तीनदा बजावलं की शेखनी हाताने दाबायचा आणि परत द्यायचा. ड्रायव्हरने डबा नेऊन आत बायकांकडे दिला. संध्याकाळी डबा धुऊन परत आला. आत खजूर होते आणि निरोप होता, की सिस्टरची रोटी भाजून खाल्ली, चव बरी होती, मीठ कमी पडलं.

मिस्त्रींनी एक खजूर उचलला. व्हर्नियरमध्ये नव्हे, तोंडात घातला. तेव्हा मला कळलं, की आज ते खरोखर खचले आहेत.

दुसरा गोळा मी स्वतः घेऊन गेले. त्यात दोन चमचे फिनेल घातलं होतं, म्हणजे पुन्हा कुणाला भूक लागायला नको. शेखनी नाक मुरडलं. "सिस्टर, ये कौन सा दवा?"

"हात का व्यायाम. जोर से दबाओ."

त्यांनी दाबलं. मला शिव्याही घातल्या असाव्यात, माझं अरबी तेवढं चांगलं नव्हतं. बोटांचे ठसे उमटलेला गोळा मी डब्यात घालून आणला. मिस्त्रींनी तो पंख्याखाली सुकवला, सगळ्या बाजूंनी मापून वहीत चित्रं काढली, आणि मग धातू शोधायला निघाले. तो त्यांना माझ्या स्वयंपाकघरात मिळाला. पितळी खलबत्त्याचा बत्ता. त्याचं डोकं हवं त्या मापाचं होतं, असं त्यांनी मला अशा आवाजात सांगितलं की जणू स्थळ आलंय.

"माझ्या आईने दिलेला आहे तो."

"आईनं चांगला बघून घेतला होता हो," म्हणाले, आणि करवत काढली.

सहा दिवस उरले होते. बत्ता दिला. वेलची काय, वाटीनेही ठेचता येते.

कानशीने घासून मूठ तयार व्हायला तीन दिवस गेले. उरलं होतं ते आत आटे पाडणं, म्हणजे मूठ दांड्यावर फिरून घट्ट बसावी म्हणून आतून पेचाचे चर कापणं. ते मिस्त्रींच्या लेखी नमाजाच्या खालोखाल गंभीर काम. "घाईत पाडलेला आटा म्हणजे खोटी साक्ष," म्हणायचे. "धरल्यासारखा करतो, धरत नाय."

नेमका त्याच संध्याकाळी भोंगा वाजला. नवरा मास्क शोधायला पलंगाखाली वाकला आणि बाहेर आला तो रायफल धरून.

"हे काय?"

"रायफल."

"कुणाची?"

"शेखची."

"आपल्या पलंगाखाली का?"

"खाली इस्त्रीवाले येतात. मास्क उशीखाली आहे. चल."

तो बिचारा मास्क घालून जिन्याखाली जाऊन बसला. मास्कच्या आत काय बोलत होता ते ऐकू आलं नाही, हे बरंच झालं. मिस्त्री मात्र तिथे नव्हते. मी त्यांच्या खोलीत गेले. पितळी मूठ व्हाइसमध्ये, मिस्त्री हत्यार फिरवताहेत: अर्धा वळसा पुढे, पाव वळसा मागे, तेलाचा थेंब.

"मिस्त्री, भोंगा!"

"ऐकलाय. अडीच आटे राहिलेत."

"जीव गेला तर?"

"आणि अर्धवट ठेवला नि जीव राहिला तर?"

मी त्यांचा मास्क खुंटीवरून काढला आणि त्यांच्या डोक्यावर चढवला. त्यांनी मान हलवली नाही की हात थांबवला नाही. दूर कुठेतरी धमाका झाला, पट्टी न लावलेली काच थरथरली. अर्धा वळसा पुढे, पाव मागे. भोंगा संपल्यावर मास्क काढून म्हणाले, "पितळेची धूळ नाकात जात नाय. चांगली वस्तू हाय."

बसच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरबरोबर रायफल शेखच्या घरी परत गेली. मी इंजेक्शनची पिशवी घेऊन हजर होते, मुद्दामच. शेखनी दांडा धरला, वर, मागे, पुढे, खाली. पुन्हा केलं. मूठ त्यांच्या वाकड्या बोटांत अशी बसली, की त्यांचा चेहराच बदलला. "वल्लाह, मिस्त्री! खलास!" त्यांनी पेन उघडलं.

आणि मिस्त्री म्हणाले, "नाय शेख, खलास नाय."

मी डोळे मिटले.

मिस्त्रींनी बोट ठेवून दाखवलं. दांडा खाली पडला की मुठीची आतली कड रायफलीच्या लाकडाला टेकत होती. पॉलिशवर केसासारखी रेघ उठली होती. चष्मा लावून मला दिसली, शेखना तशीही दिसली नाही. "अर्धा मिलिमीटर काढायला हवा. हळूहळू. चार दिवस लागतील."

"माफी मुश्किल," शेख म्हणाले. काही हरकत नाही. त्यांनी रायफल छातीशी धरली. "अच्छा है."

"अच्छा है, बराबर नहीं है," मिस्त्री म्हणाले, आणि एक हात पुढे करून उभे राहिले. बस दुसऱ्या दिवशी दुपारी. मुलीचं लग्न आठ दिवसांवर. आणि हा माणूस सही सोडून मूठ परत मागत होता.

"मिस्त्री," मी मराठीत म्हटलं, "सही घ्या आणि गप्प चला."

"काम न करता सही कशी घेऊ, बाय? खलास झालं तर सही, असा करार हाय."

"मग मुलीला काय सांगू, लाकडाला रेघ पडली म्हणून अब्बा आले नाहीत?"

त्यांचे डोळे भरले होते, पण पुढे केलेला हात तसाच. त्या क्षणी मला त्यांना व्हाइसमध्ये धरावंसं वाटलं.

शेखनी मला विचारलं, "क्या बोलता?"

मग मी शेखकडे वळले. "शेख, आपको डर है, ये वापस नहीं आयेगा?"

"कोई नहीं आता."

"इसको मूठ दे दो. गाव लेके जाएगा. वहाँ घिसेगा." मी आमच्या बिल्डिंगमधली ती एक खिडकी सांगितली, लाटणं सांगितलं, अडीच आटे सांगितले. "ये आदमी बीवी को छोड़ेगा, बेटी को छोड़ेगा, आधा काम नहीं छोड़ेगा. काम पूरा करके भेजोगे, तो शायद नहीं आयेगा. अधूरा लेके जायेगा, तो आना ही पड़ेगा."

शेखनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री अजून त्या रेघेकडे बघत होते, आम्ही काय बोलतोय तिकडे लक्षही नव्हतं. शेख एकदम हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "मुख माफी," म्हणाले. डोकं नाही याला. मग मूठ फिरवून काढली, मिस्त्रींच्या तळहातावर ठेवली आणि कागदावर सही केली.

पण गावी रायफल नसताना अर्धा मिलिमीटर निघाला की नाही, हे कळणार कसं? तेही मीच केलं. पिशवीतली प्लॅस्टरची पट्टी ओली करून रायफलीच्या त्या भागाचा आणि दांड्याचा साचा घेतला. मुंबईच्या कस्टमवाल्याने म्हणे विचारलं, हा कुणाचा पाय आहे? मिस्त्रींनी त्याला सगळं पहिल्यापासून समजावून द्यायला घेतलं. कणकेपाशी पोचायच्या आधीच त्याने त्यांना सोडून दिलं.

ते परत आले. रमझानच्या पहिल्या आठवड्यात, सांगितलेल्या दिवशी. तोवर लढाई संपली होती. सामानासकट आधी शेखकडे गेले, मूठ बसवली, आणि मूठ व लाकूड यांच्या मधून सिगारेटचा कागद सरकवून दाखवला. कागद आरपार गेला. शेखनी पुढे कितीतरी गुरुवार त्या मुठीने निशाणे मारले. माझा बत्ता मात्र मुंडक्याविना राहिला.

पण मला आठवतो तो लग्नानंतर आलेला त्यांचा फोन. तालुक्याच्या गावातून, इस्पितळाच्या नंबरवर. शेख ऑफिसात बसले होते, त्यांनी मला बोलावून घेतलं. लाइनवर खरखर, मागे बायकांचा गलका.

"बाय, शेखना सांग. अर्धा मिलिमीटर निघाला."

"आणि लग्न?"

"तेही झालं. कालच."

तेवढ्यात मागून एका मुलीचा आवाज आला, रडवेला आणि हसरा, दोन्ही. "मावशींना सांगा ना अब्बा, सगळी माणसं मांडवात बसलेली आणि तुम्ही मागच्या पडवीत कानस घासत! तीन वेळा माणूस पाठवला बोलवायला!"

मी म्हटलं, "मिस्त्री! इथून एवढ्या लांब गेलात आणि निकाहाला उशीर केलात?"

"उशीर कुठे केला, बाय," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "काजीच घाईत होते."